निळ्या दोऱ्याचा गठ्ठा

तुमच्या फोटोवाल्या ग्रुपातले दाढीवाले दादा घरी येऊन गेले. म्हणाले, ताई, घुबडाबद्दल चार ओळी लिहून द्या, आम्ही पुस्तिकेत छापतो. मी म्हटलं, मी सातवी पास, तेही ढकलत ढकलत. ते म्हणाले, जसं बोलता तसं लिहा. म्हणून फोनवर एका बोटाने लिहितेय. चुकलं तर हसा, मला काही दिसणार नाही. पण चार ओळींत मावत नाही हे, आणि यात एक गोष्ट अशी आहे जी तुम्हाला सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही. तशीही येत नाहीच.

घुबड म्हणजे माझा धाकटा भाऊ. नाव आमच्या ह्यांनी ठेवलं. रात्री बाहेर, दिवसा डोळे तारवटलेले, म्हणून तुझं घुबड आलं का, तुझं घुबड जेवलं का. मग गल्लीनेही तेच धरलं, आणि त्यालाही ते आवडायचं, फोनवर स्वतःच घुबड बोलतोय म्हणायचा. लग्न केलं नाही. आमच्याच घरात मागच्या खोलीत राहायचा. मी पुढच्या खोलीत शिलाई मशीन चालवते, एप्रन, टोप्या, कामगारांचे कोट, असलं शिवते.

दिवसा तो ओळखीच्या एका काकांच्या स्टुडिओत कामाला. ओळखपत्राचे फोटो. सोळा वर्षं त्याने एकच वाक्य म्हटलं, मान सरळ, कान दिसू द्या. त्या स्टुलावर बसलं की चांगला बोलका माणूससुद्धा लाकडाचा होतो असं तो म्हणायचा. दिवसभर बाहुल्या काढतो गं, रात्री जरा माणसं बघून येतो. एवढंच त्याचं कारण होतं. तुम्ही लोक काय काय मोठं बोलता त्याच्या फोटोंबद्दल, मला कळत नाही ते.

मी मात्र जाम घाबरायचे. रात्री काय असतं बाहेर, कुत्री असतात, पिऊन पडलेले असतात, चोर असतात, आणि चोर नसलेले पण कॅमेरा दिसला की चोर होणारे असतात. एकदा ओठ फुटून आला. कुणीतरी आपल्या कुणाबरोबर गाडीत बसला होता आणि ह्याने समोरून कॅमेरा उचलला. त्या माणसाला वाटलं आपलाच फोटो काढला. ह्याने काढला होता वरच्या दिव्याभोवतीच्या किड्यांचा. पण ऐकतो कोण. मी हळद लावत होते आणि हा हसत होता, म्हणे चूक माझीच, मी आधी दाखवायला हवं होतं. त्या दिवसापासून ठरलं की एक वाजता एक रिंग द्यायची आणि तीन वाजता एक. बोलायचं नाही, मी उचलायचं नाही. रिंग आली म्हणजे ठीक आहे. मी खिडकीत उभी राहून वाट बघायचे. बारा वर्षं. आमचे हे म्हणायचे, त्याच्यापेक्षा तूच जास्त रात्रपाळी करतेस.

त्या ओठानंतर त्याने स्वतःला नियम लावून घेतले. तुमच्यातल्या नव्या मुलांना तो शिकवायचा म्हणे, तर तुम्हाला माहीत असतील. डोळ्याला कॅमेरा लावला की पाठ भिंतीला टेकलेली पाहिजे. रस्त्यात उभं राहून कधीच नाही, कारण तेवढा वेळ माणूस आंधळा असतो. शर्ट पांढरा किंवा पिवळा, लांबून दिसला पाहिजे, लपणाऱ्यालाच लोक मारतात. नव्या गल्लीत पहिले चार दिवस कॅमेरा न्यायचाच नाही, हात हलवत जायचं, पहारेकऱ्याशी बोलायचं, चहा प्यायचा. झोपलेल्याचा फोटो नाही, पिलेल्याचा नाही, लहान मुलाचा नाही. आणि कुणी अंगावर आलं तर भांडायचं नाही, त्याच्या डोळ्यासमोर फोटो पुसायचा आणि उजेडाकडे चालायला लागायचं. जॅकेटच्या आत कार्ड ठेवायला मीच चोरखिसा शिवून दिला होता, कंबरेच्या पट्टीत, बाहेरून शिवण दिसत नाही असा.

सगळ्यात मोठा नियम म्हणजे परत जायचं. फोटोत कुणाचं तोंड आलं तर आठवड्याने त्याच जागी, त्याच वेळेला प्रिंट घेऊन जायचं आणि विचारायचं, हा तुमचा फोटो, मी लोकांना दाखवू का. हो म्हणाले तर एक प्रिंट त्यांना. नाही म्हणाले तर संपलं. लोकांना वाटायचं वेडा आहे. एका फोटोसाठी तीन तीन हेलपाटे.

मला काय वाटायचं, एक दिवस तीनची रिंग येणार नाही आणि सकाळी कुणीतरी दार वाजवेल. तसं झालंच नाही. दुपारी साडेबाराला, स्टुडिओत, एका म्हाताऱ्या बाईंना कान दिसू द्या म्हणाला आणि खाली बसला. बसला तो बसलाच. हृदय म्हणाले डॉक्टर. एकेचाळीस वय. बारा वर्षं मी रात्रीला घाबरले आणि नेलं त्याला भर दुपारने.

आता ती गोष्ट.

महिना झाल्यावर स्टुडिओवाले काका आले. रडले. म्हणाले, त्याचे बारा फोटो मोठे करून दुकानाच्या काचेत लावू, रस्त्याकडे तोंड करून, रात्री दिवा चालू ठेवू, त्याला आवडलं असतं. मलाही पटलं. म्हणाले, तुम्हीच निवडा, तुमचा हक्क आहे.

त्याच्या खोलीत पलंगाखाली पत्र्याची पेटी होती. त्यात फोटोंचे गठ्ठे, दोऱ्याने बांधलेले. दोरे माझेच. माझ्या मशीनच्या खणातून रीळं गायब व्हायची आणि मी ओरडायचे तेव्हा हा म्हणायचा उंदराने नेलं. पांढऱ्या दोऱ्याचे गठ्ठे खूप होते. निळ्या दोऱ्याचा एकच, पातळसा. आणि काही सुटे.

आता माझं डोकं कसं चालतं ते सांगते. पांढरं रीळ माझ्याकडे स्वस्तातलं असतं, कच्चे टाके घालायला. निळं चांगलं सुती, मजबूत, कोटांच्या कॉलरला वापरते. चांगल्या कापडाला चांगला दोरा, हे आमच्या धंद्यात कुणी शिकवावं लागत नाही. मला वाटलं त्याने आपले सगळ्यात चांगले फोटो चांगल्या दोऱ्यात बांधले. आणि सोडून बघितले तर खरंच चांगले होते. पांढऱ्यातले लोक जरा पोज देऊन उभे राहिल्यासारखे. निळ्यातले लोक एकटे होते. माणूस एकटा असताना जसा असतो तसे.

मी बारापैकी सात निळ्यातून काढले.

त्यातला एक बेकरीचा. म्हणजे मी बेकरी लिहितेय, बेकरीच असेल असं नाही. तिचं काम आणि जागा मी जरा फिरवून लिहिते, कारण तुमच्यातला एखादा हुशार शोधायला निघायचा. तर मागचं दार, आत भट्टीचा लाल उजेड, उंबऱ्यावर एक बाई बसलीय, पाठ चौकटीला, डोळे वर. तोंडावर असं काही होतं की मी बराच वेळ बघत राहिले. सुटल्यासारखं. आणि तिच्या अंगावर माझा एप्रन. तिरका खिसा, कोपऱ्याला दुहेरी टाका, असा खिसा या भागात मी एकटीच करते, आणि बेकऱ्यांपैकी या एकीलाच माझे एप्रन जातात. भावाच्या फोटोत माझं काम आलं होतं. तो मला कधी बोलला पण नव्हता. तो फोटो मी सगळ्यात मधे लावायला सांगितला. खिशासाठी. आता लिहिताना लाज वाटते.

काचेत फोटो लागले. लोक थांबून बघायचे. मीही दोन वेळा रस्त्याच्या पलीकडून बघून आले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी एक माणूस घरी आला. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत, बोलणं मऊ. स्टुडिओवाल्या काकांनीच पत्ता दिला म्हणाला. चपला दाराबाहेर नीट जोडून काढल्या. भावाचं ऐकून वाईट वाटलं म्हणाला, कला होती हातात म्हणाला. मी पाणी दिलं. मग म्हणाला, मधल्या फोटोतली बाई आमच्या घरातली आहे, वर्षभर झालं, घरातून गेली, आई रडून रडून अर्धी झालीय, फोटो कुठे काढला तेवढं कळलं तर उपकार होतील.

मला भरून आलं, लपवत नाही. माझाही माणूस नुकताच गेलेला, दुसऱ्याचा सापडतोय म्हटल्यावर काय होणार. बेकरीचं नाव जिभेवर आलं होतं, बाहेर पडणारच होतं. मी म्हटलं, अहो, तिला फोन करून बघितला नाही का कधी.

तो जरासा हसला. म्हणाला, "फोन तिच्याकडे कधी ठेवलाच नव्हता मी. तिला काय काम फोनचं."

बोलला इतक्या सहज, मिठाचा डबा वर ठेवतो म्हणावं तसं. पण माझं तोंड मिटलं ते मिटलं. मग त्याने आपला फोन काढला. काचेतल्या फोटोचा फोटो काढून आणला होता. बोटांनी मोठा करून मला दाखवायला लागला. आणि मी बघत होते की तो बाईच्या तोंडावर थांबतच नव्हता. तोंड सरकवून टाकलं बाजूला. मागे भिंतीला लागून विजेचा खांब होता, त्यावर रंगाने लिहिलेला नंबर, अर्धा. तो नंबर त्याने मोठा केला आणि विचारलं हा कुठल्या भागातला असेल.

मी म्हटलं मला काय कळतंय, मी घरातली बाई, मशीन आणि मी. तो म्हणाला काही हरकत नाही, वीजवाल्यांना विचारतो, उद्या कार्यालय उघडलं की कळेल. चपला घातल्या, नमस्कार केला, गेला. पेला मी दोनदा घासला.

मग मी पेटीकडे पळाले. का ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. निळ्या गठ्ठ्यातले उरलेले फोटो पलंगावर टाकले आणि एकेक बघायला लागले. तळाला शेवटचा माझा होता.

माझा डावा गाल भाजलेला आहे. लहानपणी स्टोव्हचा भडका. म्हणून मी फोटो काढून घेत नाही, लग्नाचेसुद्धा पदर ओढून आहेत. घुबडाने कॅमेरा घेतला त्याच दिवशी मी त्याला सांगितलं होतं, माझा काढलास तर जेवायला वाढणार नाही. आणि हा फोटो रस्त्यावरून काढलेला. आमची खिडकी, रात्र, मी हातात फोन धरून उभी, तीनच्या रिंगची वाट बघत असणार. पदर खाली. रस्त्याच्या दिव्याचा उजेड नेमका डाव्या गालावर. कान दिसतोय.

आधी राग आला, मेलेल्या माणसाचा येतो तसा, कुठे ठेवायचा कळत नाही असा. मग बाकीच्यांकडे बघितलं, काचेत दिलेले सातही आठवले. त्या सातांत गोदामाचा पहारेकरी होता, त्याची गोष्ट घुबडाने जेवताना सांगितली होती, तो दिवसा दुसरीकडेही नोकरी करतो म्हणून फोटो नको म्हणाला होता. म्हणजे निळा दोरा चांगल्यांचा नव्हता. निळा दोरा नाही म्हणणाऱ्यांचा होता.

आणि ते मी काचेत लावले होते. दिवा चालू ठेवून.

काकांना फोन केला. ते जेवत होते, सकाळी काढतो म्हणाले. मी आयुष्यात मोठ्यांशी त्या आवाजात बोलले नव्हते. म्हटलं, काका, हात धुवा आणि आत्ता जा. गेले बिचारे. पण त्याने काय होणार होतं, नंबर त्या माणसाच्या फोनमध्ये होता. उद्या दहाला कार्यालय उघडणार.

बेकरीत फोन लावला तर उचलायला कुणी नाही, पुढचं दुकान आठला बंद होतं आणि मागे भट्टीवाल्यांकडे फोन पोचत नाही. रात्रपाळी दहाला लागते. आमचे हे म्हणाले मी जातो. गुडघा हा एवढा सुजलेला, जिना उतरायला पंधरा मिनिटं. मी म्हटलं, तुम्ही फोन घेऊन बसा, मी एक वाजता रिंग देईन. उचलायचं नाही. त्यांनी घुबडाचं जॅकेट काढून आणलं आणि माझ्या खांद्यावर टाकलं. आतून पिवळी साडी नेसले होते, बरं झालं म्हटलं, लांबून दिसेन.

इतक्या रात्री मी पायी कधी चालले नव्हते. पण एक झालं, मला त्याच्या पायाने चालता आलं. कडेने चालले, भिंतीच्या बाजूने. थांबायचं झालं की पाठ टेकवली. गोदामाच्या दाराशी खुर्चीवर एक माणूस, मी त्याला फोटोवरून ओळखलं आणि तो माझ्याकडे बघून उभाच राहिला. जॅकेट ओळखलं त्याने. विचारलं, ते फोटोवाले दादा दिसले नाहीत बरेच दिवसात. मी सांगितलं. त्याने टोपी काढली. मग म्हणाला, एक फोटो त्यांनी माझा फाडला होता, चांगला होता, मलाच नको होता. त्याचा तो न फाडलेला फोटो मागच्या चार दिवसांपासून काचेत होता. तो दोन चौक माझ्याबरोबर आला आणि कुत्र्यांना हटकत परत गेला.

बेकरीच्या मागच्या दाराशी पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. खांब तिथेच. नंबर पूर्ण वाचता येत होता. आत ट्रेचा आवाज. मी एप्रनवाली म्हटल्यावर आत घेतलं.

ती पीठ तोलत होती. कोपरापर्यंत पांढरी. फोटोपेक्षा लहान दिसत होती वयाने. मी तिला बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं, उगाच गोल गोल नाही. कोण आलं होतं, काय म्हणाला, खांबाचा नंबर, उद्या दहा वाजता. आणि फोटो मी लावला, माझ्या हाताने, हेही.

ती ऐकताना हात पुसत राहिली. स्वच्छ झाले तरी पुसत राहिली. मग म्हणाली, "त्याने माझ्यासमोर पुसला होता. कॅमेऱ्यातून. आणि कागद फाडतो म्हणाला."

मी म्हटलं, फाडला नाही त्याने.

"मी त्याला चहा पाजला होता," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मला विचारून नाही म्हणू दिलं होतं."

हे मला सुरीसारखं लागलं. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. मी माफी मागितली. ती म्हणाली, ताई, माफी तुमच्या घरी घेऊन जा, मला ठेवायला जागा नाही. बरोबरच होतं.

मग ती परत पिठाकडे गेली. मला वाटलं आता निघेल, पळेल. पण नाही. मळलेलं तसंच टाकून जाऊ का, बाकीच्यांनी काय करायचं, असं म्हणून तिने तिचे सगळे ट्रे भरले. मी मैद्याच्या पोत्यावर बसून राहिले. तिथल्या बायका येऊन जाऊन माझ्याकडे बघायच्या, एकीने विचारलं ही कोण, दुसरी म्हणाली हिनेच लावला. कुणी पाणी विचारलं नाही. एक वाजता मी घरी रिंग दिली तर ह्यांनी उचलला. हॅलो हॅलो, काय झालं, कुठे आहेस. मी म्हटलं, उचलायचं नसतं हो. ते म्हणाले, बारा वर्षं तू कशी उचलत नव्हतीस कोण जाणे.

पावणेदोनला पहिला टेम्पो भरायला लागले. तो चार पाच गावं करत जातो. टेम्पोवाल्याला तिने काहीतरी हळू आवाजात विचारलं, त्याने मान हलवली. तिची पिशवी तयारच होती, मिठाच्या पिंपामागे, वर्षभर तशीच भरून ठेवलेली होती म्हणे. एप्रन काढला. त्याची चार घड्यांची घडी घातली, खिसा आत, आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, हा ओळखू येतो.

कुठे जाणार मी विचारलं नाही. विचारायचा हक्क राहिला नव्हता. फक्त माझा नंबर कागदावर लिहून पुढे केला. म्हटलं, पोचलात की कुठल्याही फोनवरून एक रिंग द्या. बोलू नका. मी उचलणार नाही. तिने कागद घेतला, वाचला आणि परत दिला. मला वाटलं झालं, नको आहे तिला. टेम्पोत ब्रेडच्या खोक्यांमधे बसली, पदर तोंडावर घेतला आणि टेम्पो गेला.

तो माणूस दुसऱ्या दिवशी तिथे आलाच. बेकरीवाल्याने चार दिवसांनी टोप्यांच्या मापासाठी फोन केला तेव्हा सांगितलं. दुपारभर खांबाजवळ उभा होता, सगळ्यांना विचारलं, सगळ्या म्हणाल्या अशी कुणी कधी नव्हतीच. एका बाईने तर फोटोतली मीच आहे म्हणून भांडण काढलं त्याच्याशी, माझा फोटो घेऊन कशाला फिरतोस म्हणून. आमच्याकडेही पुन्हा आला, मागच्याच आठवड्यात. ह्यांनी दारातच गुडघा पसरून खुर्ची टाकली आणि त्याला सांगितलं, आत जायचं तर मला उचलून बाजूला ठेवा. गेला.

मधले दिवस कसे गेले विचारू नका. मशीनवर बसले की सुई बोटात. रात्री एकला जाग, तीनला जाग. घुबडाची रिंग यायची नव्हती आणि हिची येईल असं नव्हतं, तरी फोन छातीवर. डोक्यात सारखं एकच, टेम्पोवाल्याने कुठे सोडलं असेल, तिथे कुणी असेल का, की रस्त्यावरच. आणि भावावरचा राग आणि भावाची आठवण, दोन्ही एकाच वेळी. बरोबर माणूस होता तो. पुसायचा, परत जायचा, विचारायचा. आणि नाही म्हणालेल्याचं नाही घेऊन यायचा घरी आणि दोऱ्यात बांधून पलंगाखाली ठेवायचा. फाडायला हात झाला नसेल. चांगले होते ना.

एका दुपारी मी कापडाची मोठी कात्री घेतली आणि निळा गठ्ठा कापला. काचेतले सात आणि उरलेले दहा, सतरा फोटो. पहारेकऱ्याचा, बेकरीचा, सगळे. आधी तोंडं, मग बाकीचं, बोटाएवढे तुकडे. हे म्हणाले एक तरी ठेव, त्याच्या हातचे सगळ्यात चांगले आहेत. तुमचे दाढीवाले दादाही तेच म्हणाले, ताई तुम्ही काय केलंत. शिव्या द्या मला. पण ते फोटो त्याचे नव्हतेच आणि माझे तर त्याहून नव्हते.

अठरावा माझा. तो ठेवला. नाही म्हणणारी मीच होते, तर हो म्हणायचं तेही मीच ठरवेन, आणि अजून ठरलेलं नाही. पालथा घालून कपाटात आहे.

आणि तुम्ही सगळे, जे रात्री फिरता. भिंतीला पाठ लावा, घरी रिंग द्या, ते सगळं करा. पण कुणी नाही म्हणालं तर तिथेच, त्याच्या पायाशी फाडा. घरी आणू नका. घरी आणलेला फोटो कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. माझ्यासारख्या बाईच्या लागेल, जी दोऱ्यावरून ठरवते.

रिंग आली. रात्री नाही, अकराव्या दिवशी, दुपारी. मी मशीनवर होते, आवाजात ऐकू आलं नाही. पाणी प्यायला उठले तेव्हा फोनवर दिसलं, अनोळखी नंबर, एकदाच, दोन सेकंद. चुकून कुणाचा लागला असेल. किंवा तिने तो कागद एकदा वाचला होता तेवढ्यात नंबर पाठ केला असेल. ह्यांनी म्हटलं लावून बघ ना. मी नाही लावला.

दोन वेळा बघितला तो नंबर. तिसऱ्या वेळेला डोळे आपोआप आकडे धरायला लागले, तेव्हा पुसला. फोनला पुसायला किती वेळ लागतो, एक बोट. पुसून झाल्यावर ह्यांना दाखवला, बघा, गेला ना. ते म्हणाले गेला. मग मी परत मशीनवर बसले आणि पहिल्यांदा खिसा सरळ शिवला, तिरका नाही.